तांदळातलं नाव

१४ एप्रिल २०२०, मंगळवार

चार हाका मारल्या तरी ओ देत नाही म्हणजे काय? बहिरी आहे का? पद्मजा, पद्मजा करून माझा घसा सुकला, आणि ही बाई खिडकीपाशी उभी राहून मक्याचं पीठ मळतेय. शेवटी वरून सिद्धार्थ ओरडला, "निक्ते, आई बोलावतेय!" तर लगेच वळली. म्हणजे कान शाबूत आहेत. नाव ऐकायचं नाही एवढंच.

सव्वा वर्षापूर्वी डिसेंबरात लग्न झालं तेव्हा सगळी भावकी हजर होती. परातीत तांदूळ पसरले, सिद्धार्थनं अंगठीनं नाव लिहिलं, मी स्वतः पेढे वाटले. पद्मजा हे नाव मी निवडलं होतं. ही हात जोडून हसली, मान डोलावली. तेव्हा गोड लागलं, आता कडू झालं होय? आमच्यात सून घरात येते ती नवं नाव घेऊनच येते. मी नाही आले? माहेरची नंदा, सातपुत्यांची वसुधा झाले. एक दिवस कुरकुरले नाही.

सिद्धार्थला सांगितलं तर म्हणतो, "आई, माझी मीटिंग आहे." ह्याची मीटिंग उठल्यापासून निजेपर्यंत असते. दोघं इथल्याच एनस्खेडे गावात एका कॉलेजात शिकत होते, तिथं हे जमवलं. ती ग्वातेमाला नावाच्या देशाची, मेक्सिकोच्या खालचा देश. मी काही बोलले नाही. पोरगी कामाला वाघ आहे, हे मान्य. मराठी बोलते तीसुद्धा कॉलेजातल्या आपल्या पोरांकडून शिकलेली, म्हणून बोलतेही पोरांसारखीच. "आई, मी जेवला."

मी मार्चात तीन महिन्यांसाठी आले आणि ह्या साथीत अडकले. तिकडं इचलकरंजीत माग बंद, इकडं सिद्धार्थच्या ह्या परदेशी गावात, नीउ-व्हेनेपात, मी बंद. हिला सातवा सरत आलाय. जूनमध्ये बाळ येईल. त्याचं नाव मात्र मी आणि थोरले भावजी ठरवणार. सिद्धार्थनं तसं कबूल केलंय.

१९ एप्रिल, रविवार

आज अब्रू गेली. भावजींचा व्हिडिओ कॉल होता. बाळासाहेब सातपुते म्हणजे आमच्या घरातले कर्ते, माझे हे गेल्यावर सिद्धार्थला त्यांनीच शिकवलं. प्रेमानं म्हणाले, "काय पद्मजाबाई, तब्येत काय म्हणते?"

ही म्हणते, "नमस्कार काका. मी निक्ते."

"अगं, पण आम्ही पद्मजा केलं की तुला!"

"हो काका. तुम्ही केला."

भावजी हसले, पण मी त्यांना ओळखते. फोन ठेवल्या ठेवल्या हिला स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, तुझ्या पासपोर्टावर मारिया लिहिलंय, ते मी बघितलंय. मारिया चालतं आणि पद्मजा चालत नाही होय?

ती म्हणाली, "मारिया पण नाही चालत, आई. पाचशे वर्षं झाली, अजून नाही चालत."

मग सांगत बसली. तिचे लोक माया. राजे होते, दगडी देवळं होती, लिहिणं होतं. स्पेनचे लोक घोड्यांवरून आले, तोफा घेऊन. महाराजांच्या जन्माआधी शंभर वर्षं म्हणा. त्यांचे पाद्री गावाला मैदानात उभं करायचे, डोक्यावर पाणी शिंपडायचे आणि नावं बदलायचे. तिची आजी सांगायची की एका दिवशी जमलेले पुरुष सगळे हुआन, बायका सगळ्या मारिया. दुसऱ्या दिवशीचे सगळे पेद्रो, बायका कातारीना. का, तर लक्षात ठेवायला सोपं.

मी म्हटलं, "पोत्यावर शिक्के मारतात तसं?"

"तसं."

मला ऐकवेना. माणसाला जन्मापासूनचं नाव असतं, आईनं ठेवलेलं. ते असं पुसून टाकायचं? ह्यांना आया नव्हत्या का?

निक्ते म्हणजे चाफा, असं ती म्हणाली. मी म्हटलं, अगं मग आधी बोलायचंस! चंपा ठेवलं असतं की. ती पीठ मळत राहिली.

२६ एप्रिल, अक्षय्य तृतीया

पुरणपोळी केली. इथली हरभऱ्याची डाळ शिजता शिजत नाही.

जेवताना मीच विषय काढला, कारण ते हुआन-मारिया डोक्यातून जाईना. म्हटलं, तुमचे लोक गप्प का बसले? कुणी नको म्हटलं नाही?

ती म्हणाली, "त्यांना विचारलं, आई. रीतसर विचारलं."

म्हणजे कसं, तर स्पेनच्या राजाचा एक कागद होता. आमचा देव माना, आमचा राजा माना, नाहीतर लढाई करू आणि बायकापोरांना गुलाम करू. तो कागद मोठ्यानं वाचायचा असा कायदाच होता. पण वाचायचे त्यांच्या भाषेत. कधी रिकाम्या गावापुढं वाचायचे, कधी झाडांपुढं. समोरच्याला एक अक्षर कळत नसे. तो गप्प राहिला की म्हणायचे, आम्ही सांगितलं होतं, ह्यांनी ऐकलं नाही. आणि कुणी भांबावून मान हलवली तर ती कबुली.

मी ताटावरून उठलेच. ही विचारायची रीत झाली? समोरच्याला कळतच नाही तर त्याच्या मान हलवण्याला काय अर्थ? बाजारात कुणी अडाण्याचा अंगठा असा घेतला तर आपण त्याला जोड्यानं मारू!

सिद्धार्थ म्हणाला, "आई, इतिहास आहे तो. एवढी काय चिडतेस? पोळी वाढ."

ह्याला कशानंच काही होत नाही. खाली मान घालून खात होता.

ती पुढं म्हणाली की तिच्या गावच्या लोकांनी तर स्पॅनिशांना पाहुणे म्हणून राजधानीत घेतलं होतं. शेजारच्या राज्याशी भांडण होतं, तर हे मदतीला येतील असं वाटलं. खाऊ-पिऊ घातलं, सोबत सैन्य दिलं. आणि ह्या पाहुण्यांनी उलटून त्यांच्याच राजांकडं सोनं मागितलं. नाकाकानातलंसुद्धा सोडलं नाही. शेवटी लोक आपलं शहर सोडून डोंगरात पळाले. घरात घेतलेल्यानं असं करावं? आणि त्याआधीच साथ येऊन गेली होती, देवीची की कसली, अर्धी माणसं तेव्हाच गेली. घोडे नंतर आले.

इथंही टीव्हीवर रोज आकडे सांगतात. आम्ही दार लावून बसलोय. त्या लोकांना दार लावायलाही सांगणारं कुणी नव्हतं.

४ मे, सोमवार

आज संध्याकाळी इथं सगळा देश दोन मिनिटं गप्प उभा राहिला, लढाईत मेलेल्यांसाठी. आम्हीही खिडकीत उभे राहिलो. समोरची म्हातारी पडवीत काठी टेकून ताठ उभी. चांगलं वाटलं.

नंतर सून म्हणाली, तिच्या लोकांसाठी कुठलाच देश उभा राहत नाही. आणि बोलत सुटली. मी म्हटलं पुरे, पण ऐकलंही. शेजारच्या मुलखात एका पाद्र्यानं त्यांच्या पोथ्या गोळा करून जाळल्या. लोक रडत उभे होते. आणि गुहेत जुन्या मूर्ती सापडल्या म्हणून म्हाताऱ्यांना मनगटाला दोर बांधून टांगलं, पायाला दगड बांधले. म्हाताऱ्यांना! मला आमच्या घरातले टाक आठवले. उद्या कुणी येऊन म्हटलं, हे फेक आणि हे पूज, नाहीतर टांगतो, तर?

मी विचारलं, मग तुमचे देव संपले?

ती हसली. या पोरीला मी पहिल्यांदाच असं खुदकन हसताना बघितलं. म्हणाली, "नाही आई. आम्ही लपवला. चर्चमध्ये त्यांचा संत पुढं उभा, मागं आमचा. पाया पडला की दोघांना मिळतो."

मी म्हटलं, शाबास! शहाणी माणसं.

१२ मे, मंगळवार

सगळं घर झाडून काढलं. काम नसलं की माझं डोकं फिरतं.

दुपारी सून कंबरेला पट्टा बांधून विणायला बसली. मागाचं एक टोक जिन्याच्या कठड्याला आणि दुसरं तिच्या कंबरेला. पोट एवढं पुढं आणि तशीच ताणून बसते. मी ओरडले, उठ. तर म्हणाली, बाळासाठी पाठुंगळीला बांधायचं कापड आहे, ते आईनंच विणायचं असतं. मी यंत्रमागाच्या खडखडाटात आयुष्य काढलं, कांड्या भरल्या, हे असलं बिनआवाजाचं विणणं कधी बघितलं नव्हतं. नक्षी मात्र सुरेख. हे मी तिला सांगितलं नाही.

सुताचीही गोष्ट आहेच म्हणा. स्पेनचा अधिकारी गावात कापूस टाकून जायचा, बायकांनी तो कातून द्यायचा, नाही म्हणायची सोय नाही. वजनात कमी भरलं तर आपल्या पदरचा कापूस घालायचा. पोरं उपाशी, शेतं पडीक, आणि ह्या कातत बसलेल्या. मी म्हटलं, त्या अधिकाऱ्याला मी चरख्याच्या चातीनं भोसकलं असतं.

ती म्हणाली, "भोसकला नाही. पण सूत कधी कधी खूप वाईट काढला."

दोघी हसलो. सिद्धार्थ वरून म्हणाला, हळू, मी कॉलवर आहे.

४ जून, गुरुवार

घाईघाईनं लिहितेय, अक्षर वाईट येईल. तसंही चौथीच्या पुढं ते सुधारलं नाहीच.

उद्या वटपौर्णिमा म्हणून देव उजळायला घेतले. देव्हारा सगळा रिकामा केला. चिंच लावून टाक घासले, गणपती घासला. मागच्या तसबिरीखाली पुसायला हात घातला तर हाताला काहीतरी लागलं. तांबड्या सुताच्या चिंधीत गुंडाळलेला हिरवट दगड. करंगळीएवढा. नीट बघितलं तर त्याला डोळे होते, तोंड होतं, पोटावर घडी घातलेले हात होते.

आधी वाटलं करणी आहे. खोटं कशाला लिहू? मग ती जिन्यावरून खाली आली, माझ्या हातात ते बघितलं, आणि तिचा चेहरा असा झाला की मला कळलं, हे तिचं आहे.

"हे काय आहे?"

"आजीचा. शेतात सापडलेला. आमचा जुना माणूस."

"इथं कधीपासून आहे?"

"तुम्ही आला तेव्हापासून. आधी वरती, उघडा होता."

मार्चपासून. मी रोज सकाळी उदबत्ती ओवाळते, कुंकू वाहते, आणि ही माझ्यामागं उभी राहून हात जोडते. मला वाटायचं किती मनापासून जोडते! माझा गणपती पुढं, आणि मागं तिचा.

मी म्हटलं, "अगं, पण लपवलास का? माझ्यापासून? मी काय तुला दोरानं टांगणार होते?"

तिनं चिंधी माझ्या हातातून घेतली. मग हळू म्हणाली, "नाव तर बदलला, आई."

म्हटलं, तू हसत होतीस, मान डोलावलीस, सगळ्यांनी बघितलं. तर म्हणाली, "मला वाचता येत नाही देवनागरी. मी सिद्धार्थला विचारला, तांदळात काय लिहिला? तो म्हणाला, आशीर्वाद आहे. मग तुमच्या नणंदबाईंनी पद्मजा, पद्मजा म्हणून मिठी मारली. दोन दिवस मला वाटला, पद्मजा म्हणजे अभिनंदन."

मी तिथंच देव्हाऱ्यापुढं फतकल मारून बसले. टाक पाण्यात तसेच पडून होते.

५ जून, शुक्रवार

वड इथं कुठून आणू? पूजा केली नाही. उपास केला, तोही रागानं.

सिद्धार्थला बागेत नेलं, तिच्या कानाआड. विचारलं, तू तिला काय सांगितलंस?

आधी म्हणाला, आठवत नाही. मग म्हणाला, "आई, तू अडून बसली असतीस. ती नको म्हणाली असती. मांडवात तमाशा झाला असता, काका उठून गेले असते. मी दोन्ही बाजू सांभाळल्या."

"आणि मला काय सांगितलंस? तिला नाव फार आवडलं, ती खूश आहे!"

"मग? तूही खूश झालीस ना?"

माझ्या पोटचा पोर. ह्याला शिकवलं, परदेशी धाडलं, चार भाषा येतात ह्याला. दोघींच्या मध्ये हा एकटाच दोन्हीकडचं समजणारा होता, आणि ह्यानं दोन्हीकडं खोटं सांगितलं. मी थोबाडीत मारणार होते. शेजारची म्हातारी कुंपणावरून "हुये मॉर्खन", म्हणजे इथला सकाळचा नमस्कार, म्हणाली, म्हणून हात खाली घेतला.

वर येऊन तिला म्हटलं, चूक त्याची आहे. ती म्हणाली, हो. एवढंच. मग म्हणाली, "बाळाचं पण तो तसंच करणार. खेमेंतेला बाप एकटा जातो, मी झोपलेली असणार. माझ्याशिवाय नाव लिहिला तर मी बाळाला घेऊन एनस्खेडेला जाणार. ऋता म्हणाली, ये."

ऋता म्हणजे त्यांच्या कॉलेजातली मैत्रीण, तिथंच संशोधन करते. खेमेंते म्हणजे इथली नगरपालिका. बाळ झालं की तीन दिवसांत तिथं नाव लिहावं लागतं. आपल्यासारखं बाराव्या दिवसापर्यंत थांबत नाहीत.

ती रडत बिडत नव्हती. बाजारात भाव सांगावा तसं सांगितलं. म्हणजे जाणार.

आज दिवसभर एकच गोष्ट डोक्यात आहे. मला कुणी विचारलं होतं का? माझ्या परातीत वसुधा लिहिलं तेव्हा मला वाचता येत होतं, मी वाचलं. कुणी विचारलं नाही. विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. आई होती तोवर नंदे म्हणायची. ती गेल्यावर त्या नावानं कुणी हाक मारलेली आठवत नाही. पण मी काही देवाच्या मागं दगड लपवला नाही. लपवण्याएवढं काही आणलंच नव्हतं बरोबर.

तो जुना माणूस मी गणपतीच्या शेजारी ठेवला. पुढं. गणपती काही बोलला नाही.

२० जून, शनिवार

मुलगी झाली! काल दुपारी, ह्याच घरात, वरच्या खोलीत. सुईणबाई तोंडाला फडकं बांधून आल्या. सिद्धार्थ दाराबाहेर पांढराफटक पडला होता. निक्तेनं माझा हात असा आवळला की बांगडी फुटली. एकदाही ओरडली नाही, आपल्या भाषेत कुणाला तरी काहीतरी सांगत होती.

पोरीला जावळ भरपूर आहे. रंग निक्तेचा आणि नाक आमच्या ह्यांचं. बाळंतिणीचं करायला इथं बाई घरी येते, ती टोस्टावर गुलाबी बडीशेप पसरून सगळ्यांना देते. बाळंतिणीला टोस्ट! मी खीर केली.

भावजींना फोन लावला. ते म्हणाले, "आर्या ठेवायचं. गुरुजींशी बोललोय. सिद्धार्थला कळवलंय, तो सोमवारी लिहून येतोय."

मी म्हटलं, भावजी, तिच्या आईला विचारलं का?

"वसुधा, तिच्या आईला काय विचारायचं? बाळंतीण आहे ती. आणि गोड नाव आहे की."

गोड आहेच. तोच तर त्रास आहे. पद्मजाही गोडच होतं.

२१ जून, रविवार

तिकडं आज सूर्यग्रहण. भावजी म्हणाले, आज नावाचा विषय काढू नका, अशुभ. मी म्हटलं, ग्रहण तुमच्याकडं आहे, इथं लख्ख ऊन पडलंय. उभ्या आयुष्यात त्यांना उलट बोलले नव्हते. फोन त्यांनी ठेवला की मी ठेवला, कळलं नाही.

सकाळी निक्तेच्या खोलीत गेले तर कोपऱ्यात पिशवी भरून तयार. लंगोट, टोपडी, ते विणलेलं कापड. लपवलीसुद्धा नाही पिशवी. मी काय विचारणार? पोरीला मांडीवर घेतलं. तिला हाक मारायला नाव नाही म्हणून नुसतं "ए बाई, ए बाई" केलं. नाव काय ठेवायचं ते निक्तेनं मला सांगितलेलं नाही. मीही विचारलं नाही, जीभ चावून बसलेय. मला आवडणार नाही बहुतेक. उच्चारताही येणार नाही.

सिद्धार्थ दिवसभर मला चुकवतोय. सायकल घेऊन दुकानात गेला आणि दूध विसरून आला. म्हटलं, काय ठरवलंस? तर म्हणतो, "आई, बघतो ना. काकांचंही मन राखायचंय, तिचंही. काढतो काहीतरी मार्ग." ह्याचा मार्ग मला ठाऊक झालाय. इकडं एक सांगायचं, तिकडं एक.

म्हणून जिन्यात गाठून त्याला सांगितलंय, आणि इथंही लिहून ठेवते, म्हणजे उद्या मला तसं म्हणायचं नव्हतं असं कुणी म्हणायला नको.

सिद्धार्थ, उद्या सोमवार. खेमेंतेचं दार उघडायच्या आत, सकाळी चहाला तू खाली येशील तेव्हा मला दोन उत्तरं पाहिजेत. मला एकटीला बाजूला घेऊन नाही, वर तिच्या खाटेपाशी उभं राहून, दोघींना कळेल अशा भाषेत. तांदळात तिचं नाव लिहून तू तिला आशीर्वाद का सांगितलास? आणि पोरीचं नाव तिच्या आईच्या तोंडून ऐकून लिहिणार आहेस की नाही? बघतो नको, मार्ग नको. हो का नाही, ते उद्या सकाळी सांग.